टेंभुर्णे सरांचं सभागृह

मे महिन्यात, भर दुपारी, नागपुरात दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांचा कूलर बंद करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आमच्याच घरी पाहिला.

माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता. मी ज्यांच्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून नुकतीच लागले होते, ते टेंभुर्णे सर एक नकाशा न्यायला मानेवाड्याला आमच्याकडे आले. सुनेचे साहेब येणार म्हणून सासूबाईंनी हौसेने पन्हं केलं होतं. सर आत आले, चपला काढल्या, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि बसायचं सोडून सरळ भिंतीपाशी गेले. आधी कूलरचं बटण बंद केलं, मग पंख्याचं. मग हात मागे बांधून, डोळे मिटून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

सासूबाई ट्रे धरून जागच्या जागी थिजल्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं.

"काही चुकलं का आमचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबा काकू. खोली काय म्हणून राहिली, आइकू तं द्या."

खोली काय म्हणत होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही तिघंही घामाने निथळत उभे. बऱ्याच वेळाने सरांनी डोळे उघडले आणि सांगितलं, "काकू, तुमच्या फ्रिजची तब्येत बरी नाही." फ्रिज होता स्वयंपाकघरात, बंद दाराआड. सर पन्हं पिऊन, नकाशा घेऊन गेले. त्याच आठवड्यात फ्रिज बंद पडला, आणि सासूबाईंनी मला बजावलं की नोकरी कर, पण त्या काळ्या जिभेच्या माणसाला परत या घरात आणू नकोस.

प्रभाकर टेंभुर्णे हे नाव नागपुरातल्या बांधकामवाल्यांना ठाऊक होतं, पण ते घ्यायच्या आधी लोक जरा घसा खाकरायचे. साठीकडे झुकलेला, काटकुळा माणूस. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन्सिल. लग्न केलेलं नव्हतं आणि कोणाला त्याचं नवल नव्हतं. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं अशी पुष्कळ कामं त्यांनी केली होती. पण त्यांचा खरा जीव इमारतीच्या दिसण्यात नव्हताच. भिंतीला कोणता रंग द्यायचा हे ते गिऱ्हाइकावर सोडायचे. "रंगाचं तुमचं तुम्ही पाहा. ही भिंत आवाज पिते का परत फेकते, तेवढं मले विचारा," म्हणायचे.

त्यांच्या पँटच्या खिशात कायम फुगे असायचे. सुटे, न फुगवलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, बिचारे लहान मुलांसाठी ठेवत असतील. तसं नव्हतं. एखाद्या दालनात मोठा, एकच, तुटक आवाज केला की तो किती वेळ रेंगाळतो, त्यावरून त्या दालनाचा स्वभाव कळतो; आणि असा आवाज काढायला फुग्यासारखी सोयीची वस्तू नाही. माझ्या चुलतदिराच्या साखरपुड्याला मी त्यांना बोलावलं, ही माझी हिंमत. नवरामुलगा मुलीच्या बोटात अंगठी घालत असताना, म्हणजे सगळे नेमके चूप झाले असताना, मागच्या बाजूला बंदुकीसारखा बार झाला. अंगठी कुठल्या कुठे उडाली. सगळी माणसं ओणवी होऊन गालिच्यावर अंगठी शोधत होती, आणि सर टाचणी शर्टाला परत टोचत मला सांगत होते, "लय रेंगाळते वं इथं आवाज. भटजीचा एक मंत्र संपत नाही, तं दुसरा त्याच्यावर चढते."

तर अशा माणसाला शहराच्या नव्या संगीत सभागृहाचं काम मिळालं. कसं मिळालं ते मी स्वतः पाहिलं आहे, तरी अजून खरं वाटत नाही.

सभागृह बांधणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष राऊतसाहेब. बुटीबोरीला त्यांचा कापडाचा कारखाना, आणि गाण्याचा मनापासून नाद. त्यांच्या ऑफिसातल्या लांबलचक मीटिंग रूममध्ये आम्हाला बोलावलं. आमच्या आधी मोठमोठ्या शहरांतले आर्किटेक्ट पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून गेले होते. कोणाचं सभागृह कमळासारखं होतं, कोणाचं संत्र्याच्या फोडीसारखं. आमची पाळी आली. सर उठले, फुगा फुगवला आणि मी "सर, नका" म्हणेपर्यंत फोडला.

राऊतसाहेबांच्या अंगरक्षकाने त्यांना खुर्चीसकट खाली पाडलं. ट्रस्टचे दोघे सभासद टेबलाखाली गेले. त्यांतला एक निवृत्त न्यायाधीश होता. मी मनात नव्या नोकरीचा अर्ज लिहायला घेतला. राऊतसाहेब उठून बसले तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता.

"हे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमची खोली बोलली," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही हितून बोलता ते त्या टोकाच्या खुर्चीवरल्याले आइकू येत नसन. म्हणून तो सगळ्याले हो म्हणते."

टोकाच्या खुर्चीवरचा सभासद टेबलाखालून वर येत म्हणाला, "हो, हो."

राऊतसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि हसू लागले. इतके हसले की अंगरक्षकाने पाणी आणलं. काम आम्हाला मिळालं.

जागा होती वर्धा रोडला, विमानतळाजवळ, मिहानच्या अलीकडे. म्हणजे डोक्यावरून विमानं. संगीत सभागृहासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. सरांनी पहिल्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर ताडपत्री पसरली, उताणे झोपले आणि दुपारभर येणारी-जाणारी विमानं ऐकत राहिले. चौकीदाराला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्याने तोंडावर बादलीभर पाणी ओतलं. सर न उठता म्हणाले, "थांब गा, अजून एक उतरून राहिलं."

त्या ताडपत्रीवरून उठले ते सभागृहाचा आराखडा घेऊनच. डब्यात डबा. बाहेर एक जाड इमारत, आणि तिच्या पोटात दुसरी, खरं सभागृह. आतली बाहेरचीला कुठेच शिवत नाही. भिंतीत अंतर, छतात अंतर, आणि खाली पाया आणि आतला डबा यांच्या मध्ये जाड रबराच्या गाद्या. विमानाची थरथर बाहेरच्या डब्यापर्यंत येणार आणि तिथेच मरणार. थंड हवा वरून भसाभसा सोडायची नाही. खुर्च्यांच्या खालून, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी हळू यायची. खुर्चीच्या बैठकीला खालून असं कापड, की तिच्यावर कोणी बसलेलं असो की नसो, ती आवाज सारखाच पिईल. भिंती सरळ नाहीत; लाकडी पट्ट्यांच्या लहानमोठ्या घड्या घातलेल्या, म्हणजे सूर आदळून न फुटता सगळीकडे पसरेल. व्यासपीठावर माइक नाही. तंबोऱ्याची तार छेडली की शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती शेजारी छेडल्यासारखी यायला हवी.

बांधकामाची ती वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. दरवाज्याच्या बिजागऱ्या कुरकुरतात म्हणून सगळे दरवाजे परत गेले. खुर्च्यांचे नमुने आले तेव्हा सर प्रत्येकीवर बसून पायावर पाय टाकायचे, काढायचे, परत टाकायचे. ज्या खुर्चीतून चूं आलं ती बाद. साइटवर तर्री-पोहे खाताना कोणी प्लेटमध्ये चमचा वाजवला तरी मान वळायची. गावातल्या कार्यक्रमांना ते गेले की आजूबाजूचे लोक दबून बसत. एखाद्याला खोकला आला की टेंभुर्णे सर रांगेतून वाकून येणार, हात जोडणार आणि त्याच्या तळहातावर खडीसाखर ठेवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा तर एका गृहस्थांनी खोकला दाबता दाबता डोळ्यांतून पाणी काढलं, पण खोकले नाहीत.

अशा माणसाने, आतलं बांधकाम संपत आलेलं असताना, एका सकाळी माझ्या टेबलावर नवा नकाशा टाकला. मी पाहिला आणि मला वाटलं माझेच डोळे फसले. सभागृहाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध, चांगल्या दोन रांगा कापून त्यांनी एक खोली काढली होती. समोर दुहेरी, तिरपी काच. भिंतींना जाड गादी. एकामागे एक दोन जड दारं, आणि त्यांच्याकडे जाणारा उतार थेट मुख्य दालनातून, जिथून सगळे प्रेक्षक आत येतात तिथून.

"सर, ही कसली खोली?"

"पाह्यजे."

"पण काहून? कोणी मागितली?"

"मी मागून राहिलो," म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

ट्रस्टच्या बैठकीत नकाशा पाहून राऊतसाहेब आधी खूश झाले. "पाहुण्यांसाठी खास कक्ष. छान. मंत्री आले तर बसवता येईल."

"नाही," सर म्हणाले.

"मग रेकॉर्डिंगसाठी?"

"नाही. ज्याइले चूप बसता येत नाही, त्याइच्यासाठी आहे."

राऊतसाहेब गोंधळले. "म्हणजे मंत्र्यांसाठीच ना?"

कोणी हसलं नाही, कारण सर हसत नव्हते. सभासद एकेक बोलू लागले. सगळं बांधून झालंय. मधल्या रांगांतल्या जागा का घालवायच्या? लहान मुलं रडली तर आया बाहेर जातातच की. शेवटी राऊतसाहेब समजुतीने म्हणाले, "टेंभुर्णे, तुमचं सगळं आइकलं आम्ही. भिंती दोन मागितल्या, दोन दिल्या. हे राहू द्या."

सरांनी नकाशाची गुंडाळी केली. "तं मग माझं नाव काढून टाका," म्हणाले. "पाटीवर लावू नका." आणि निघून गेले.

मी तिथेच बसून राहिले. ज्या माणसाने या सभागृहासाठी रात्रीची झोप आणि लोकांची मैत्री दोन्ही घालवली, तो ते पुरं व्हायच्या तोंडावर एका खोलीपायी सोडून जातो, हे माझ्या डोक्यात शिरेना. पुढचे काही दिवस ते ऑफिसात आले नाहीत. फोन उचलेनात. शेवटी एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. अजनीच्या एका गल्लीत आहे एवढंच माहीत होतं, पानठेल्यावर विचारलं तर पानवाल्याने हाताने दाखवलं आणि म्हणाला, "जा ना सरळ, आवाजावरून समजते."

आणि खरंच आवाज येत होता. फाटकापाशी पोचले तोच आतून एक किंकाळी आली. लांब, उंच, काळजात शिरणारी. मागोमाग आणखी एक. मला वाटलं कोणाला भाजलं. मी धावत गेले, दार लोटलं.

घरात रेडिओ पूर्ण आवाजात चालू होता. कूलर धडधडत होता. पलंगावर गाऊन घातलेली, पांढरे केस बारीक कापलेली एक बाई मांडी घालून बसली होती, पुढे-मागे झुलत होती, टाळ्या पिटत होती आणि रेडिओवरच्या प्रत्येक तानेला किंचाळत होती. आणि बनियनवर, हातात चहाचं भांडं घेऊन, बेसूर आवाजात रेडिओबरोबर गाणारा माणूस होता टेंभुर्णे सर.

मला पाहून ते गायचे थांबले. ती बाई थांबली नाही.

"ये वं, वैशाली," सर मोठ्याने म्हणाले, कारण हळू बोलून उपयोग नव्हता. "हे बेबीताई. माझी मोठी बहीण."

बेबीताईंनी माझा हात धरला आणि मला पलंगावर ओढून बसवलं. त्यांचं वय सत्तरीच्या घरातलं असेल, पण चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. जन्मापासून त्यांना बोलता येत नाही, सर म्हणाले. समजतं थोडं. गाणं मात्र सगळं समजतं.

"ओरडतात का अशा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ओरडत नाही, हसून राहिली ते. तिचं हसणंच तसं आहे."

मग त्यांनी रेडिओ न थांबवता, चहा गाळता गाळता मला सांगितलं. लहानपणी ते कळमेश्वरला राहत. वडील शाळामास्तर. त्यांना गाण्याचं वेड. एकदा नागपुरात कोणा मोठ्या गवयाचं गाणं होतं, तर दोन्ही पोरांना घेऊन एसटीने आले. बेबीताईंना नवा फ्रॉक शिवला होता. गवयाने पहिली तान घेतली आणि बेबीताईंना इतका आनंद झाला, की त्यांनी किंकाळी मारली. सगळं सभागृह वळून पाहू लागलं. वडिलांनी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण पुढच्या तानेला ती परत किंचाळली. गवई थांबला. एक कार्यकर्ता आला, हात जोडून उभा राहिला. वडिलांनी तिला उचललं आणि तिघं बाहेर आले.

"बाबा त्याच्यानंतर कधी गाण्याले गेले नाही," सर म्हणाले. "तिले घेऊनबी नाही, अन् सोडूनबी नाही."

"किती वाईट वागले हो ते लोक."

"नाही वं." सरांनी कप माझ्या हातात दिला. "त्याइची चूक नव्हती. ते आइकाले आले होते. हिचीबी चूक नव्हती, हेबी आइकालेच आली होती. दोन्हीकडचे बराबर असले, तं तिथं भिंत कमी पडली समजायचं. मी आर्किटेक्ट कशाले झालो मग?"

मी चहा प्यायले. कसा होता ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना न विचारता बुटीबोरीला गेले आणि राऊतसाहेबांना सगळं सांगितलं. ते खिडकीतून कारखान्याकडे पाहत ऐकत होते. ऐकून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"हे आम्हाला आधी काहून नाही सांगितलं त्यानं?"

"त्यांना बहिणीसाठी खोली मागायची नव्हती, साहेब. तशा सगळ्यांसाठी मागायची होती."

राऊतसाहेबांनी चष्मा पुसला. "ते दार, मुख्य दालनातूनच आहे ना? मागून, चोरासारखं आत नाही ना न्यायचं कोणाला?"

"नाही. सगळ्यांच्याच वाटेने."

"मग त्याले म्हणावं, ये कामावर. रांगा काढतो आम्ही."

खोली झाली तेव्हा सरांनी मला काचेच्या अलीकडे, शेवटच्या रांगेत बसवलं आणि स्वतः आत जाऊन दार लावलं. मी वळून पाहिलं. काचेपलीकडे टेंभुर्णे सर दोन्ही मुठी आवळून, मानेच्या शिरा ताणून, सगळा जीव एकवटून ओरडत होते. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. फक्त त्यांचं उघडं तोंड दिसत होतं. मला हसू यायला हवं होतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. एक ज्येष्ठ गायिका आल्या होत्या. माझ्या सासूबाईही आल्या होत्या, काळ्या जिभेचा माणूस तिथे असणार हे माहीत असूनही. गाण्याआधी सत्कार होते. राऊतसाहेबांनी आर्किटेक्टचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, त्या लाकडी भिंतींतून अशा काही फिरल्या की लोक टाळ्या वाजवता वाजवता वर पाहू लागले. सर आले नाहीत. नाव परत पुकारलं. शाल आणि नारळ घेऊन माणूस तसाच उभा. मी वळून काचेकडे पाहिलं. आत आणखी दोन कुटुंबं होती, एक व्हीलचेअर होती, आणि बेबीताईंच्या शेजारी सर होते. त्यांनी मला पाहून नुसता हात हलवला. चालू द्या.

मग गाणं सुरू झालं. आधी नुसते तंबोरे. मी शेवटच्या रांगेत होते, आणि ती तार माझ्या कानाशी कोणी छेडल्यासारखी आली. त्यानंतर गायिकेने पहिला षड्ज लावला. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाहेर विमानं उतरत असणार. कोणी खोकलं नाही.

मध्यंतराच्या जरा आधी, गाणं ऐन भरात असताना, राऊतसाहेबांनी खुणेने मला सांगितलं की सरांना आणा, निदान मध्यंतरात तरी सत्कार करू. मी वाकून उठले, मुख्य दालनात येऊन उतार चढले, खोलीचं बाहेरचं दार उघडलं, ते मागे लावलं, मग आतलं उघडलं.

आत इतका गोंधळ होता की मी मागे सरले. बेबीताई दोन्ही हात वर करून किंचाळत होत्या. व्हीलचेअरवरचा मोठा मुलगा तसाच सूर लावत होता. कोणी पाय आपटत होतं. छतातल्या एका माइकवरून फक्त या खोलीत गाणं आणणारे स्पीकर चालू होते, पण त्यांतून काय येत होतं ते देवाला ठाऊक. एक सूर कानी पडत नव्हता. बेबीताई काचेतून गायिकेचा हात, ओठ, मान पाहत होत्या आणि प्रत्येक तानेला बरोबर किंचाळत होत्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. संध्याकाळपासून सर इथेच आहेत.

"दार लावून घे वं आधी," ते ओरडले. "बाहेर जाईन आवाज."

मी दार लावलं. त्यांनी मला खाली वाकायची खूण केली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"बाहेर कसं आइकू येऊन राहिलं?"

मी त्यांना सांगितलं. तंबोऱ्याचं सांगितलं, षड्जाचं सांगितलं, टाळ्या वर फिरल्या ते सांगितलं. सासूबाईंचं सांगितलं. त्या गोंगाटात अर्धं तरी त्यांना पोचलं का कोण जाणे. ते कान माझ्याकडे करून, डोळे मिटून ऐकत होते.

"बरं," ते म्हणाले. आणि बेबीताईंच्या ओठांच्या कडेला आलेली लाळ त्यांनी आपल्या रुमालाने पुसली, कारण पुढची तान येत होती.